मुळ्याच्या शेतावर टांगलेली मुलाखत

"एकच फेरी," ब्रॉनविन म्हणाली. "साडेआठला लिफ्ट सुरू होते. वर जायचं, घसरत खाली यायचं, नऊला परत. मुलाखत तर दहाला आहे!"

तोकिएआजीने हातातली इस्त्री काही थांबवली नाही. "आणि हा सूट?"

"अंगात घालूनच जाते. त्यावर स्कीचे कपडे. खाली आले की थेट ग्रामकार्यालयात!"

"माझ्या लेकीला या सुटाने बँकेत नोकरी लावलीय. एक सुरकुती पडली ना, तर लोणच्याचा घासही मिळायचा नाही तुला. मार्चपर्यंत!"

ब्रॉनविनचा मुक्कामही मार्चपर्यंतचाच होता. न्यूझीलंडहून हिवाळ्यापुरती जपानात आलेली ही पोरगी आजीच्या लहानशा अतिथीगृहात गाद्या घालायची, भांडी घासायची आणि उरलेला जीव डोंगराला वाहायची. इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी तिने सहा अर्ज धाडले होते. पाच उत्तरं शहरांतून आली, जिथे बर्फ फक्त पेल्यात दिसतो. सहावं इथल्याच, कामिसावातल्या शाळेचं. ही नोकरी मिळाली तर गाव आपलं, डोंगर आपला. नाही मिळाली तर विमान.

आणि नेमकं त्या रात्री आभाळाने जातं ओढलं. पहाटे पाहावं तर सगळं गाव पिठात बुडालेलं. छपरांना मऊ उशा, खांबांना पांढऱ्या टोप्या, आणि डोंगर असा, की त्याच्याकडे पाहून ब्रॉनविनला घासच गिळवेना.

तारेवरून पाळणे ओढणारी ती लिफ्ट आजीच्या परसामागूनच डोंगरावर जायची. ब्रॉनविन पहिल्या पाळण्यात बसली, पाय हलवत वर निघाली. तेवढ्यात डोंगरावरून वारा सुटला. पाळणा झुलला, करकरला आणि गचका देऊन थांबला. खाली आजीचं मुळ्याचं शेत होतं. मुळे गोड राहावेत म्हणून आजी ते बर्फातच पुरून ठेवायची.

थोड्या वेळाने आजी मुळा उकरायला आली. मान वर करून म्हणाली, "कोण गं ते?"

"मीच, आजी!"

"उतर खाली!"

"कशी उतरू?"

"मग सूट तरी खाली टाक!"

पाऊण तास गेला. वारा काही ऐकेना. साडेनऊला ब्रॉनविनने ग्रामकार्यालयाला फोन लावला. उचलला होशिनाने. गावात अस्वल दिसो, नळ फुटो की कुणाचे आजोबा वाट चुकोत, गावभरच्या भोंग्यांवरून सांगायचं काम याचं. गेल्या बावीस वर्षांत त्याने कुणाचे आजोबा हरवू दिले नव्हते.

"होशिनासान, मला जरा ताप..." तिने अदबीचं 'सान' लावून सुरुवात केली. वारा घोंगावला.

"तापात एवढा वारा?"

ब्रॉनविनने डोळे मिटले. "ताप नाही. लिफ्टवर अडकलेय. आजीच्या शेतावर."

"रंग कुठला?"

"कशाचा?"

"कपड्यांचा हो. घोषणेत सांगावा लागतो."

"घोषणा नको! होशिनासान, पाया पडते!"

पण नियम म्हणजे नियम. टिंगटाँग वाजलं आणि दरी दुमदुमली: "ग्रामस्थांना नम्र सूचना. इंग्रजी शिक्षिकेच्या मुलाखतीला येणाऱ्या ब्रॉनविनसान नारिंगी कपड्यांत तोकिएसानच्या मुळ्यांवर लटकलेल्या आहेत. कृपया काळजी नसावी."

काळजी कोण करतंय! सगळी आळी फावडी घेऊन शेतात जमली. कुणी गरम चहा आणला, पण वर पोचवणार कसा, म्हणून स्वतःच प्यायला.

दहाचा ठोका पडला. मुख्याध्यापक मियाशिता वेळेचे पक्के. "दहा म्हणजे दहा. फोनवर घेऊ." होशिनाने फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला, भोंग्याच्या माइकशेजारी. माइकचा लाल दिवा मघाच्या घोषणेपासून तसाच जळत होता.

"आमच्याच गावात का राहायचंय?" भोंग्यांनी विचारलं.

ब्रॉनविनने फोनकडे पाहिलं, मग खांबांवरच्या भोंग्यांकडे. आता लपवायला उरलं काय होतं? "बर्फासाठी!" ती म्हणाली, आणि तिचाच आवाज डोंगरावर आपटून परत आला. "पण बर्फ काय, इतर ठिकाणीही पडतो. खाली बघा. मी लटकलेय म्हणून तीस माणसं कामं सोडून उभी आहेत. अशा गावातून मी कुठे जाऊ?"

खाली आजीने नाक पुसलं. थंडीच तशी होती.

"थोडं शिकवून दाखवा."

"एकच वाक्य शिकवते. बर्फात अडकलात तर कामी येईल. माझ्यामागून म्हणा: आय अ‍ॅम हिअर!"

कार्यालयात दोघं पुटपुटले. पण शेतातून तीस गळे ओरडले, "आय अ‍ॅम हिअर!" मागच्या पाळण्यांवर अडकलेले ओरडले. पलीकडच्या आळीतून कुणी म्हातारबुवा एकटेच, उशिरा, पण सगळ्यांत मोठ्याने ओरडले. छपरावरचा बर्फ घसरून धप्पकन खाली आला.

त्याच धक्क्याने की काय, लिफ्ट सुरू झाली. वर वारा फारच होता, म्हणून लिफ्ट उलटी फिरवून तिला पाळण्यातूनच खाली आणलं. डोंगरावरची फेरी राहूनच गेली.

अकराला ती कार्यालयात उभी राहिली. सुटाला एकही सुरकुती नव्हती. सूट गोठून फळीसारखा ताठ झाला होता.

मियाशितांनी चष्मा पुसला. "आतापर्यंत आमच्याकडे चार शिक्षक झाले. मोठा बर्फ पडला की चौघांनाही ताप यायचा. दुसऱ्या दिवशी डोळ्यांभोवती गॉगलचा पांढरा ठसा, आणि बाकी तोंड उन्हाने लाल! आपण खरंच कुठे आहोत ते सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"ताप म्हणायला निघाले होते मीही," ब्रॉनविन मान खाली घालून म्हणाली.

"ठाऊक आहे. होशिनाला कळलं, म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सोमवारपासून या. शाळा साडेआठला."

"साडेआठला..." लिफ्टही साडेआठलाच सुरू होते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने बाहेर डोंगराकडे पाहिलं, आणि कमरेत वाकून आभार मानले.

सोमवारी पहाटे गाव पुन्हा पिठात बुडालं. ब्रॉनविनचा हात आपसूक स्कीच्या बुटांकडे गेला. तोच टिंगटाँग वाजलं.

"ग्रामस्थांना नम्र सूचना. काल रात्री बेचाळीस सेंटिमीटर बर्फ पडला आहे." मग भोंग्याने 'सान'ऐवजी शिक्षकांना लावायचं 'सेन्सेई' लावून विचारलं, "ब्रॉनविन सेन्सेई, आपण कुठे आहात?"

आळीतली फावडी थांबली. तीस माना तिच्या खिडकीकडे वळल्या. तिने बूट खाली ठेवले, खिडकी उघडली आणि छातीभर गार वारा घेऊन ओरडली,

"आय अ‍ॅम हिअर!"