कुंभारणीच्या कोटातील बंदिवानांची हकीकत

श्री. सहा पायांच्या समस्त जिवांस, आणि त्यांस पाहोन पलंगावर चढणाऱ्या दोन पायांच्या जिवांसही, दंडवत घालून लिहिली हकीकत ऐसी जे, शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, तीन खोल्या, एक व्हरांडा आणि काही कुंड्या एवढ्या मुलखावर मालतीबाईसाहेब राज्य करीत होत्या. यजमान रावसाहेब नोकरीनिमित्त परमुलखी असत. दरबारी मानाच्या म्हणाव्या तर रावसाहेबांच्या आत्यासाहेब, आणि रयत म्हणावी तर दोन लेकरे, थोरली कुंदा, वय नऊ, आणि धाकटे जयवंतराव, वय पाच. एके दिवशी जयवंतराव झुरळ समजोन किंचाळले, आणि कुंदाने न पाहताच चप्पल हाणिली, आणि खाली मेला तो बिचारा भुंगेरा निघाला. तेव्हा बाईसाहेबांचे चित्ती आले की, ज्या शेजाऱ्यांची ओळख नाही त्यांसी वैर कसले धरावे, आणि मग त्यांनी व्हरांड्यात शाळा मांडिली.

शाळेचा शिरस्ता ऐसा की, पुस्तक नाही. कौलाच्या तुकड्यावर गुळाचा ठिपका ठेवावा आणि मुंग्यांची फौज कोणत्या वाटेने येते ती खडूने आखावी. झाडाखाली पांढरा पंचा अंथरून फांदी हलवावी आणि पडेल त्या पाहुण्यास भिंगातून पाहावे. अळी बरणीत ठेवून ती पान कोठून कुरतडते ते बघावे. आणि कायदा एकच, की ज्याने धरले त्याने दिवे लागायच्या आत सोडावे, जिथून आणले तिथेच. आत्यासाहेब खांबास टेकून म्हणत, "मालती, लोकांची पोरं पाढे म्हणतात. आपली मुंग्यांच्या मागे खडू घेऊन फिरतात." बाईसाहेब उत्तर करीत, "पाढेही होतात, आत्या. मुंग्या मोजताना होतात." त्यावर आत्यासाहेब म्हणत, "होतील हो. मुंग्यांची लग्नंही लावाल."

मग पितृपक्षात ऐसे घडले की, पिवळ्या कमरेची एक कुंभारीण माशी खिडकीच्या चौकटीत उतरली आणि ओल्या मातीची गोळी तोंडात धरून कोट बांधू लागली. आत्यासाहेबांनी हुकूम केला, "कुंभारणीचं घर मोडायचं नाही. शुभ असतं." लेकरे खाण्यापिण्याची शुद्ध विसरून पाहात बसली, आणि कोट मडक्यासारखा गोल झाला, आणि मग कुंभारीण एक हिरवी अळी धरून आली आणि तीस आत कोंबली, आणि मग दुसरी, आणि मग तिसरी, आणि शेवटी दरवाजा मातीने लिंपून निघून गेली. जयवंतरावांनी विचारले, "आई, ती त्यांना आत का ठेवते?" बाईसाहेब श्राद्धाच्या स्वयंपाकात होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हीच बघा काय होतं ते." हाच त्यांचा शिरस्ता होता.

कुंदा दिवस मावळेपर्यंत पाहात राहिली. दिवे लागले, बंदिवान सुटले नाहीत. दुसरे दिवशीही सुटले नाहीत. तिसरे दिवशी तिने मनाशी निवाडा केला की कुंभारणीने कायदा मोडला, आणि केसांचा आकडा घेऊन कोटास भगदाड पाडिले, आणि अळ्या एक एक करून कढीपत्त्याच्या पानावर नेऊन ठेविल्या. जयवंतराव बारकाईने पाहोन म्हणाले, "ताई, ह्या चालत नाहीत."

"घाबरल्यात. चालतील."

"मुंगी आली तरी पळत नाहीत."

तेव्हा कुंदाने आईस हाक दिली. बाईसाहेब पिठाच्या हातांनी आल्या आणि कोटात पाहिले. आत एक इवलासा पिवळट किडा एकटा वळवळत होता. बाईसाहेब खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "हे तिचं बाळ आहे, कुंदा. ती दार लिंपून जाते ती परत येत नाही. ह्या अळ्या त्याची शिदोरी. तिने नांगी मारलीय, म्हणून हलता येत नाही. मेल्या तर कुजतील, म्हणून जिवंत ठेवते."

"मग ह्या बऱ्या नाही होणार?"

"नाही."

"आणि ते बाळ?"

"खायला नसेल तर मरेल."

कुंदा म्हणाली, "तू आधी का नाही सांगितलंस?" बाईसाहेब म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही नुसतं बघाल." आणि मग हात पदरास पुसून म्हणाल्या, "तू आत जा. मी ठेवते परत."

"नको. मी फोडलंय."

मग कुंदाने गवताच्या काडीने मुंग्या दूर केल्या आणि अळ्या उचलून पुन्हा कोटात ठेविल्या. त्या समयी जयवंतरावांनी तिचा फ्रॉक मुठीत धरिला होता. शेवटची अळी मात्र तिने ठेविली नाही. "हिची मान हलतेय," ती म्हणाली. बाईसाहेबांनी ती मागितली नाही. त्यांनी काचेचा एक तुकडा ओल्या मातीने भगदाडावर बसविला.

पुढे घटस्थापनेची झाडलोट निघाली, तेव्हा आत्यासाहेब स्वतः त्या खिडकीशी पाट मांडून बसल्या आणि कामाच्या बाईस म्हणाल्या, "ही राहू दे ह्या वर्षी. देवी काही खिडकीतून येत नाही." काचेमागे बाळ खात होते. आणि कुंदा रोज सकाळी आपल्या अळीपुढे ताजे पान ठेवीत होती. आत्यासाहेब एकदा म्हणाल्या, "खात नाही गं ती."

"माहीत आहे."

"मग पान कशाला?"

"समोर असावं," कुंदा म्हणाली. दुसरे दिवशी पान आत्यासाहेबांनीच खुडून आणिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत अळी काळी पडली.

मग बाळाने स्वतःभोवती रेशीम विणले, आणि दिवाळीचे सुमारास एके सकाळी काच सरकली आणि पिवळ्या कमरेची नवी कुंभारीण बाहेर आली. अंगाने ती आईहून लहान होती. पंख वाळवीत चौकटीवर बसली आणि मग उडून कुंपणाकडे गेली. जयवंतरावांनी टाळ्या पिटल्या आणि मग थांबून विचारले, "आता हीसुद्धा अळ्या धरणार?"

"हो."

"मग तुला आनंद झाला की वाईट वाटलं?"

कुंदा कुंपणाकडे पाहात म्हणाली, "दोन्ही."

येणेप्रमाणे कोट पडला आणि पुन्हा उभा राहिला. बंदिवान सुटला तो वाचला नाही, आणि धनी वाचला तो एका घासाने लहान राहिला. दोहींकडचा न्याय एका नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या हातांनी केला, आणि तीस कोणी शाबास म्हटले नाही, कारण कशाबद्दल म्हणावे हे त्या राज्यात कोणास उमगले नाही. आत्यासाहेबांनी तेवढे तीस पुढ्यात बसवून, न सांगता, केसांस तेल लावून दिले.