घोडा, नग एक

पीराची शप्पत घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. पीरावर भरवसा नसंल तर अंबाबाईची शप्पत. तिच्यावर पण नसंल तर हुपरीच्या बसस्टँडवर या आणि कुणालाबी इचारा, हुसेनबी कवा खोटं बोलली का. माझ्या जावेला तेवढं इचारू नका.

तर गोष्ट साधी हाय. माझा नातू शाहबाज नौदलात हाय, जहाजाच्या इंजिनाचं काम करतोय. त्याची बदली घाटाखाली, समुद्राच्या काठाला नव्या तळावर झाली. पत्र आलं की नव्या तळावर कर्मचाऱ्याने सहकुटुंब हजर व्हावे. कुटुंब म्हणजे शाहबाज, त्याची बायको मेहक आणि मी. आणि चांदी.

चांदी म्हणजे आमची म्हैस. डांबरासारखी काळी. पर आमच्या गावात घराघरात चांदीची पैंजणं घडवत्यात, माझ्या मालकानं जलमभर तेच केलं, मग म्हशीला दुसरं काय नाव ठेवणार? मालक गेलं त्या साली ती एवढीशी रेडी होती. माझ्याच हातानं वाढली. तिला बाजारात उभी केली तर ती कुणाच्या दावणीला जाईल, का दावणीला जाणारच न्हाय, हे मला चांगलं ठावं होतं. मी शाहबाजला सांगून टाकलं, "चांदी येत असंल तर मी येते. न्हायतर तुमी दोघं जावा."

"दादी, नौदलात म्हैस नेत्यात व्हय?"

"तोफा नेत्यात. म्हैस काय त्याच्यापरीस जड हाय?"

शाहबाजनं नव्या तळावरच्या बदली विभागात फोन लावला. तिथं अमरसिंह नावाचे मोठे बाबू होते. बोलणं एकदम छापील. "नियमानुसार कर्मचाऱ्यास घरसामानासोबत एक वाहन नेता येते. मोटार, मोटारसायकल किंवा घोडा."

मी फोन वढून घेतला. "घोडा कशाला, बाबा?"

"आजी, नियम जुना आहे. त्या काळी साहेब लोक घोड्यावरून फिरत."

"आता कोण फिरतंय?"

"कोणीच नाही. त्यामुळे कोणाची तक्रार आली नाही, आणि तक्रार नसल्याने नियम रद्द झाला नाही."

"मग म्हैस चालंल की. पाय तेवढंच हायत."

"म्हैस नियमात बसत नाही." तिकडनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाबू म्हणाले, "मात्र एखादे जनावर घोडा आहे किंवा नाही, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या कार्यालयास नाही. तो पशुवैद्यकास आहे. प्रमाणपत्र आले की आमच्या लेखी घोडा."

माणूस हुशार. मी त्याला दुवा दिली.

शाहबाज मात्र बिथरला. "दादी, मी वर्दीतला माणूस हाय. मी खोटं लिवणार न्हाय."

"तू कशाला लिवतोस? तू पेन दे."

आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर उदयसिंह म्हणजे लय भलं माणूस. चांदीची दोन बाळंतपणं त्यांनीच केलेली. त्यांनी फॉर्म वाचला, चांदीकडं बघितलं. चांदी रवंथ करत त्यांच्याकडं बघत राहिली.

"हुसेनबी, ही म्हैस हाय."

"ते तुमाला ठावं आणि मला ठावं. फॉर्मला कुठं ठावं हाय? तो काय इचारतोय तेवढं भरा."

त्यांनी भरायला घेतलं. पाय, चार. शेपूट, एक. रंग, काळा. स्वभाव? मी सांगितलं, मेहक सोडून बाकीच्यांशी गरीब. मग त्यांचा हात थांबला. "आणि शिंगांचं काय करायचं?"

"रकाना हाय?"

त्यांनी फॉर्म उलटापालटा केला. "न्हाय."

"मग शिंगं पण न्हायत."

डॉक्टरांनी सही केली. चांदीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला हाय, त्याच्यावरचा नंबर काँप्युटरात घातला आणि म्हशीच्या जागी घोडी केलं. पाच मिनिटांचं काम. मला रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला अकरा वर्षं लागलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घालायला संस्थेत गेले. सचिव बाळासो आमच्याच गल्लीतला. त्यानं माझी किटली परत सरकवली.

"आजी, दूध माघारी न्या. काँप्युटर म्हणतोय ही घोडी हाय. घोडीचं दूध संस्था घेत न्हाय."

"बाळासो, सहा वर्षं हिच्याच दुधाचा चहा ढोसलास की."

"तवा ती म्हैस होती." तरी त्यानं माझ्या तोंडाकडं बघून फॅट लावली. आठ लागली. बाळासोनं कपाळाला हात लावला. "घोडीला आठ फॅट म्हणजे सरळ भेसळ हाय, आजी. मला वर कळवायला लागंल."

"काय कळवणार?"

"की तुमी घोडीच्या दुधात म्हशीचं दूध मिसळताय."

आता गावात राहायची सोयच राहिली न्हवती. आमी सामान बांधायला घेतलं, तवर तळावरनं दुसरं पत्र. घोड्यासोबत खोगीर व लगाम नसल्यास सामान अपूर्ण समजले जाईल. मग वरातीचा घोडा देणाऱ्या बादशहाकडनं खोगीर आणलं. लाल मखमल, जरीची झालर, वर गोल गोल आरसं. चांदीला ते लय आवडलं. ट्रकपतूर अशी ताठ चालत गेली की वाटंवरची माणसं बाजूला झाली.

मेहक म्हणली, "माझ्या लग्नात नवऱ्याच्या घोड्यावर पण एवढी जर न्हवती."

घाट उतरून आमी तळाच्या गेटावर पोचलो. पहारेकऱ्यानं कागद वाचला, ट्रकात बघितलं, परत कागद वाचला.

"घोडा कुठं हाय?"

"ह्यो काय."

"ह्याला शिंगं हायत."

"कागदात दावा बरं कुठं लिवलंय."

त्यानं कागदात हुडकलं. सापडलं न्हाय. मग वहीत लिवलं, घोडा, नग एक, सुस्थितीत.

आत गेल्यावर कळलं की क्वार्टर तयार हायत, पर त्यात पाणी न्हाय. नळाची फाईल मंजुरीला गेलीया आणि जिथं गेलीया तिथलं माणूस बदलीवर गेलंय. चौदा महिनं थांबा म्हणले. घोड्याचं मात्र तसं न्हवतं. तळावर आलेल्या घोड्यास आठ दिवसांत पक्का तबेला देणे बंधनकारक, असा नियम निघाला. तो पण साहेब लोकांच्या काळातला. आठव्या दिवशी तबेला उभा. खाली फरशी, वर पंखा, दोन नळ, चोवीस तास पाणी. आमी तिघं अश्वसेवक म्हणून त्यातच राहायला गेलो. मेहक दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी क्वार्टरातल्या मोठ्या साहेबांच्या बायका बादल्या घेऊन आमच्या दारात रांगेला उभ्या राहिल्या, तवा गप झाली. रांग कोण मोडतंय ते तीच बघायला लागली.

चांदीचं दूध हापिसात जायला लागलं. अमरसिंह बाबू दिवसाला चार कप चहा घ्यायचे आणि म्हणायचे, असली साय शहरात मिळत नाही.

सगळं बेस चाललं होतं आणि तिसरं पत्र आलं. तळावरील सर्व अश्वांची वार्षिक क्षमता चाचणी घेण्यात येत आहे. चार किलोमीटर अंतर वीस मिनिटांत धावून पूर्ण करणे आवश्यक. अनुत्तीर्ण अश्व निरुपयोगी ठरवून लिलावात काढण्यात येईल.

तळावरील सर्व अश्व म्हणजे एकटी चांदी. तिला बसल्या जागेवरनं उठायलाच वीस मिनिटं लागत्यात. त्यात ती गाभण. जिला बाजार दावायचा न्हाय म्हणून एवढं केलं, ती सरकारी शिक्क्यानं बाजारात चालली. मी तशीच हापिसात गेले.

"बाबा, ती म्हैस हाय."

अमरसिंहांनी चष्म्यातनं बघितलं. "आजी, हे आपण आधी सांगायला हवे होते."

"पहिल्या फोनवर सांगितलं की."

"फोनची नोंद नसते."

"तुमच्या हातात तिच्या दुधाचा चहा हाय."

त्यांनी कपात बघितलं, एक घोट घेतला. "चहा हा पुरावा होत नाही. ज्या पशुवैद्यकाने घोडा म्हटले, त्यांच्याकडूनच घोडा नसल्याचे प्रमाणपत्र आणा."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते बिचारे कळवळले. "हुसेनबी, ती घोडी न्हाय असं लिवलं तर माझी नोकरी जाईल. लय तर ती आजारी घोडी हाय असं लिवून देतो."

"आजारी घोड्याचं काय करत्यात?"

"लिलाव."

चाचणीचा दिवस उजाडला. खाडीच्या काठाला मैदान, पांढऱ्याफेक वर्दीतली माणसं वळीनं उभी, वरून आलेले मोठे साहेब मधी खुर्चीत. शाहबाजनं लगाम धरलावता, त्याचं तोंड खोगिरासारखं लाल झालंवतं. झेंडा पडला. चांदी धा पावलं चालली, खाडीचं पाणी दिसलं तशी सरळ आत उतरली आणि मानंपतूर बुडून डोळं मिटून बसली. नुसती शिंगं आणि खोगिराची थोडी जर वर.

मोठे साहेब म्हणाले, "ह्या घोड्याला शिंगं आहेत."

आणि तवा अमरसिंह बाबू वळीतनं पुढं आले. चष्मा काढला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सर, ही म्हैस आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. चूक माझी आहे, मी नियमामागं लपलो." मग माझ्याकडं वळून हात जोडले. "आजी, माफ करा." तिथल्या तिथं चांदीचं नाव घोड्यांच्या यादीतनं काढलं, लिलाव रद्द झाला, आणि मी पदरानं डोळं पुसलं.

शप्पत घेतलीया म्हणून आता सांगायलाच पायजे. ह्यातली एकच गोष्ट मी माझ्या पदरची घातली. ती माफीची. अमरसिंह जागचे हलले न्हाईत. कोणच हललं न्हाय. मोठ्या साहेबांनी शिंगं बघितली, प्रमाणपत्र बघितलं, घड्याळ बघितलं. चहाची वेळ झालती. चहा आला, त्यांनी एक घोट घेतला आणि इचारलं, दूध कुठलं? कुणीतरी कानात सांगितलं. मग चाचणीच्या कागदावर शेरा पडला, 'अंतर पूर्ण केले, काही भाग जलमार्गे', आणि खाली सात सह्या झाल्या. चांदी पैल्या नंबरानं पास.

ती अजून घोडीच हाय. पुढल्या महिन्यात व्यायची हाय, शिंगराचा फॉर्म मी आजच भरून ठेवलाय.

पर मला तुमचं एक कळंना. म्हशीची घोडी झाली, तुमी मान डोलवली. आठ फॅटला भेसळ म्हणलं, डोलवली. माणसाच्या आधी घोड्याला नळ मिळालं, तवा तर हसलासा. आणि बाबूनं चूक कबूल केली म्हणल्यावर मात्र तुमाला वाटलं, म्हातारी आता थापा मारतीया.

पावणं, तुमी कुठल्या हापिसात असता?