पंधरा मोजणारे किसनमामा

आमच्या कॉलेजातले किसनमामा कोणालाही मेला असं म्हणायच्या आधी पंधरा मोजतात.

म्हणजे खरोखर, तोंडानं मोजतात. पंखा बंद पडला की बाकीचे लोक वायरमनला फोन लावतात. मामा काठीनं पात्याला एकदा हलकेच टोचतात आणि मान वर करून उभे राहतात. "एक, दोन, तीन..." पंधरापर्यंत पातं फिरलं नाही तर म्हणतात, "गेला. लावा आता फोन." स्कूटरला एक किक, मग पंधरा. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये एक मुलगा बाकावर डोकं टेकून पडला. उठवलं तरी उठेना. पर्यवेक्षक मॅडम घाबरल्या, पाणी आणा, डॉक्टरला बोलवा, असं सुरू झालं. मामांनी त्याच्या बाकाला एक बारीक धक्का दिला आणि मोजायला लागले. नवव्या आकड्याला मुलानं डोळे उघडले. "जिवंत हाय," मामा म्हणाले, "पेपराचं मातर सांगता येत न्हाई."

मामा हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. उंच, वाळलेले, खिशाला दोन पेन आणि एक ड्रॉपर. कॉलेजात लागायच्या आधी ते गावोगाव घरांना चुना द्यायचं काम करत. अजूनही नवीन खोलीत शिरले की आधी भिंतीला बोट लावून बघतात आणि "कच्चा मारलाय" असं म्हणून नाक मुरडतात.

हे पंधरा मोजणं त्यांना लागलं ते पाणपिसवांमुळे. पाणपिसू म्हणजे खरी पिसू नव्हे. खेकड्याच्या लांबच्या भावकीतला, टाचणीच्या डोक्याएवढा एक जीव. पाण्यात उड्या मारत पोहतो. अंग इतकं काचेसारखं की भिंगाखाली धरला तर आतलं काळीज धडधडताना दिसतं. पाण्यात काही वाईट मिसळलं की हा जीव आधी सांगतो, म्हणजे पोहायचा थांबतो. त्याची चाचणी अशी: भांडं हळूच हलवायचं आणि पंधरा सेकंद बघायचं. तेवढ्यात पोहला तर ठीक, नाही तर वहीत "थांबली" असं लिहायचं. एकदाच हलवायचं, दुसऱ्यांदा नाही. मामांनी हा नियम कधीतरी एका सरांकडून ऐकला आणि तो पिसवांपुरता न ठेवता सगळ्या जगाला लावला.

खिडकीतल्या काचेच्या बरण्यांमधला हा सगळा कुटुंबकबिला मामाच सांभाळतात. त्यांना "लेकरं" म्हणतात. विद्यार्थ्यांना मात्र "ताई" आणि "सर". मामा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "हात दाखवा." मग हात हुंगत. डासाचं मलम लावलेलं असलं की माणूस बाहेर; तेवढ्यानंही लेकरं मरतात. एकदा विभागप्रमुखांनाच त्यांनी हात धुऊन यायला लावलं होतं. आणि गच्चीवरच्या एका टाकीतलं हिरवं पाणी म्हणजे लेकरांचं जेवण. नव्या सफाईवाल्यानं ती टाकी घासून ब्लिचिंग पावडर टाकली, त्या दिवशी मामा त्याला एवढंच म्हणाले, "तुज्या घरी कुणी सैपाकघर धुऊन डबे नालीत वतले तर?" त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

दुपारी डबा खाल्ला की दोन वाजता ते मागच्या व्हरांड्यात जात. फोन कानाला लावत, एक शब्द न बोलता मिनिटाच्या आत परत येत. आम्ही पोरी म्हणायचो, मामा हवामानाचा अंदाज ऐकतात.

मी कुरुंद्याची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिलीच. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता आणि विषय माझ्या डोक्यात आधीपासून होता. आमच्याकडे हळद लावायच्या आधी बेणं एका पावडरीच्या पाण्यात बुडवून घेतात, म्हणजे सड लागत नाही. उरलेलं पाणी ओढ्यात. मी बाबांना विचारलं होतं, "ओढ्यातल्या जिवांना काही होत नाही का?" बाबा म्हणाले, "अगं, ती पावडर इरघळतच न्हाई. समदी ड्रमच्या बुडाला बसती. वरचं पानी तर नितळ ऱ्हातंय. नितळ पान्यानं काय व्हतंय?"

मला याचंच उत्तर पाहिजे होतं. नितळ पाण्यानं काय होतं?

माझ्या मार्गदर्शक सरांनी परवानगी दिली, पण त्यांना भरवसा नव्हता. "न विरघळणाऱ्या पदार्थावर काम करणं तकलीफीचं असतं," ते म्हणाले. "जमलं नाही तर विषय बदलावा लागेल. सोमवारपासून तीन आठवडे आहेत तुझ्याकडे."

मी उत्साहानं पेटले होते. पहिल्याच दिवशी पावडर पाण्यात घातली, ढवळली, दुधासारखं पांढरं पाणी चंचुपात्रांत ओतलं आणि पिसवा सोडल्या. दुपारपर्यंत सगळ्या तळाला. सगळ्याच्या सगळ्या! मी वही घेऊन सरांकडे धावतच निघाले होते. दारात मामा आडवे आले.

"ताई, कुठं पळून राहिल्या?"

"मामा, विषारी निघाली पावडर. एक पण वाचली नाही."

मामांनी भिंग घेतलं, एक पिसू थेंबात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. पिसवेच्या अंगावर, पायांत, पोहायच्या फांद्यांसारख्या मिशांत सगळीकडे पांढरी भुकटी चिकटली होती.

"ही इषानं पडली का वज्ज्यानं, कसं सांगताल?" मामा म्हणाले. "तुमाला पिठाच्या पोत्यात घालून म्हणलं, पळा, तर पळताल का? मग मी वहीत लिहू का, ताई गव्हाच्या पिठानं मेल्या?"

मला हसू येईना. वीस लेकरांचे पाच गट मी फुकट घालवले होते. मामांनी तळाच्या पिसवा मोजून एका वेगळ्या भांड्यात काढल्या आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच विचारलं, "ताई, तुमच्या घरी पानात चुना खातेत का?"

"आजोबा खायचे."

"मग चुन्याची निवळी म्हाईत आसंल. चुना पाण्यात कालवा, रातभर ऱ्हाऊ द्या. गाळ खाली जातो. वरचं जे नितळ पाणी, त्यात चुना दिसत न्हाई, पण हाय. जीभ लावली की कळतंय. तुमचे बाबा म्हणतेत त्ये नितळ पाणी म्हंजी ह्या पावडरीची निवळीच की. गाळ काहून पाजून राहिल्या लेकरांना? निवळी पाजा."

मी सरांना सांगितलं तेव्हा सर खुर्चीत सरळ बसले. "अरे, बराबर आहे," ते म्हणाले. "जेवढं विरघळतं तेवढंच तपासायचं. आणि नक्की किती विरघळलं ते मोजायला नमुना विद्यापीठात पाठवू." मग मला म्हणाले, "हे तुला सुचलं?" मी म्हटलं, "किसनमामांना."

मग आमची निवळी सुरू झाली. ढवळायचं यंत्र दिवसभर फिरत ठेवायचं आणि आमच्या विभागात वीज जायची. वीज गेली की यंत्र थांबायचं आणि मामा काचेची कांडी घेऊन स्वतः ढवळत बसायचे, एकाच दिशेनं, एकाच लयीत, चुन्याच्या बादलीवर बसल्यासारखे. रात्रभर ते तसंच ठेवलं. सकाळी मधल्या थरातलं नितळ पाणी नळीनं काढलं; वरची साय नाही, खालचा गाळ नाही. मामांनी ते पाणी उन्हात धरलं, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "पास."

ते पाणी काही भांड्यांत निव्वळ, काहींत निम्मं, काहींत पावपट. चार भांडी, पाच-पाच पिल्लांची, नुसत्या साध्या पाण्याची. ती सगळ्यात महत्त्वाची. साध्या पाण्यातल्या वीस पिसवांपैकी दोनपेक्षा जास्त थांबल्या तर सगळी चाचणी रद्द, कारण मग दोष पावडरीचा नाही, आपल्या हाताचा. आणि ही चाचणी फसली तर पुन्हा करण्यापुरती लेकरं बरण्यांमध्ये उरली नव्हती. तीन आठवड्यांतला तिसरा चालू होता.

चाचणीला एका दिवसाच्या आतली पिल्लं लागतात. मामांनी आदल्या संध्याकाळी पोटुशा माद्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. सकाळी भांड्यात नवी पिल्लं नाचत होती. दुपारी तीनला ती भांड्यांत सोडली. रुंद तोंडाच्या ड्रॉपरनं उचलून, पाण्याच्या आत टोक बुडवूनच सोडायची. वरून टाकली तर कवचाखाली हवा अडकते आणि पिल्लू तरंगत राहतं. मामांचा हात थरथरतो, पण ड्रॉपर धरला की थांबतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अठ्ठेचाळीस तास पिल्लांना खायला द्यायचं नाही, असा नियम आहे. मामांना हे सगळ्यात जड गेलं. त्यांनी दोन्ही दिवस डबा प्रयोगशाळेत उघडलाच नाही. "लेकरं उपाशी आन मी त्यांच्या म्होरं भाकर मोडू?" म्हणून पायरीवर जाऊन जेवले, तेही दाराकडे पाठ करून.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मोजणी. सर आले होते, माझ्या वर्गातल्या दोघी आल्या होत्या. मी वही धरली. मामा भांड्यांशी.

निव्वळ निवळीची भांडी आधी. हलवलं, मोजलं. विसातल्या निम्म्याहून जास्त तळाला. निम्म्या पाण्यात कमी. पावपटमध्ये दोन-तीनच. माझं काळीज त्या पिसवेसारखं बाहेरून दिसत असणार. नितळ पाण्यानं काय होतं? हे होतं!

पण साधं पाणी बाकी होतं. पहिल्या दोन भांड्यांत सगळ्या मजेत. तिसऱ्यात एक थांबलेली. चौथ्यात दोन तळाला. म्हणजे एकूण तीन.

मामांनी चौथं भांडं बोटानं हलकेच फिरवलं. "एक, दोन..." दोघींपैकी डावीकडची पंधरा होईपर्यंत हलली नाही. मामांनी मला सांगितलं, "लिहा, थांबली." मी पेन टेकवलं तोच तिनं उडी मारली.

"मामा! हलली की."

"सतराला हलली."

"पण जिवंत आहे."

"आसंल. जगू द्या. पंधरा म्हंजी पंधरा. लिहा."

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी लिहिलं. दोन झाल्या. आता उजवीकडची. मामा चुकूनही दोनदा हलवणार नाहीत हे मला माहीत होतं, पण ती पहिल्याच हलवण्यात, पंधराच्या आत, आधीच उठली होती का ते कोणी पाहिलं होतं? माझी नजर डावीकडेच होती.

"उजवीकडची?" मी विचारलं.

"ती नवाला उठली," मामा म्हणाले. "ती बघा, वर जाऊन नाचून राहिली."

खरंच नाचत होती. माझ्या मैत्रिणींनी मला मिठी मारली. सरांनी मामांचा हात हातात घेतला, आणि मामांनी सवयीनं सरांचा हात हुंगून बघितला. सगळे हसलो. त्या वर्षीपासून आमचे बाबा बेण्यापुरतंच पाणी कालवतात, ओढ्यात ओतायला उरवत नाहीत.

मी कॅन्टीनमधून चहा आणायला गेले. परत आले तर मामा प्रयोगशाळेत नव्हते. साध्या पाण्यातल्या लेकरांपुढे हिरवं पाणी वाढून ते मागच्या व्हरांड्यात गेले होते. मी कप घेऊन तिकडे गेले.

मामा फोनकडे बघत उभे होते. "आज दोनला लावला व्हता एकदा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोरगी हाय माजी. परभणीला दिली. बारावीला विज्ञानात लई चांगले मार्क पडले व्हते तिला. हितंच, ह्याच खोलीत यायचं म्हणत व्हती. मी म्हणलो, बास झालं आता." मग म्हणाले, "उचलत न्हाई. रोज एकदा लावतो, पंधरा मोजतो, ठिवून देतो."

"मग आज परत?"

"आज सांगण्यासारखं हाय ना, ताई. निवळीचं."

त्यांनी बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. पलीकडची रिंग मलाही बारीक ऐकू येत होती. मी चहा कठड्यावर ठेवला. त्यांचे ओठ हलत होते, आणि मीही मनातल्या मनात मोजत होते. तेरा, चौदा, पंधरा.

मामांनी फोन खाली घेतला नाही. सोळा. सतरा. अठरा.