आधी हवालदाराची झडती!

सोजराबाईचा भाऊ हिंगोलीच्या कोर्टात पट्टेवाला होता, म्हणून अर्धं कोर्ट आपल्या माहेरचंच असल्यागत ती बोलायची. "मला इचारल्याबिगर माझ्या खोलीत घरमालकाचं मांजरबी पाय टाकत न्हाई!" हे तर रोजचंच.

साखरेची टंचाई होती तेव्हाची गोष्ट. सोजराबाईची भाड्याची खोली घरमालक पुनमचंदला गोदामासाठी पाहिजे होती. बाई काही हलेना. मग शेटजीनं चौकीत खबर दिली, भाडेकरणीनं साखरेची पोती दडवलीत! गुन्हा झाला की खोली आपोआप रिकामी, असा बेत. झालं, हवालदार मोहनसिंग दारात हजर!

"झडती घ्यायची आहे."

"घ्या की!" पुनमचंद मागून म्हणाला. "घर माझं, माझी परवानगी आहे."

सोजराबाई दारात आडवी उभी राहिली. "घर तुमचं असंल, राहते मी! भाडं काय उगंच भरते व्हय? झडतीचा कागद आणा, दोन पंच आणा, मंग आत या!"

"अगं, जाऊ दे," तिचा नवरा दगडोबा पुटपुटला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापं मोजताना खणखणीत ओरडणारा हा गडी बायकोपुढं मात्र मांजर व्हायचा.

"तुमी गप बसा!"

हवालदार सायकल हाणत गेला आणि कागद घेऊन आला. शेजारची गोजरबाई आणि नरसिंग पंच झाले. तरी बाईचं समाधान होईना! "आता आधी यांची झडती! आत जाऊन काही टाकलं म्हंजे?"

हवालदाराच्या टोपीतून तंबाखूची चंची निघाली. पुनमचंदच्या कोटातून मात्र याच खोलीची दुसरी किल्ली! 'दुसरी किल्लीच न्हाई' म्हणून देवाची आण घेतली होती शेटजीनं! सोजराबाईनं ती पदराला बांधली. अख्खी गल्ली हसून लोटपोट!

हवालदार घामाघूम झाला. "बाई, खबर खोटी दिसते. जातो मी."

"जाता कुठं? बदनामी केली न माझी? आता बराबर झडती घ्या, समद्यांसमोर!"

"साहेब जाऊन राहिले तर जाऊ दे की!" दगडोबा रडकुंडीला आला.

"काहून? आपण चोर हावोत का?"

डबे झाले, मडकी झाली, गोधड्या झाल्या. राहिली दगडोबाची पेटी. तिची किल्ली त्याला काही केल्या सापडेना. सोजराबाईनं वरवंटा उचलला आणि कुलूपच फोडलं! जुन्या सदऱ्यांखाली साखरेची पिशवी, चांगली दोन-तीन किलोची!

"सापडली!" पुनमचंद नाचायला लागला. "खोली रिकामी करा!"

"तुमी पोती म्हणाला होता, शेटजी," हवालदार वैतागला. "एवढ्याशा साखरेला गुन्हा कसला? बाई, खुशाल राहा इथंच."

खोली वाचली! पण सोजराबाईचं तिकडं ध्यान कुठं? "दिवाळीपासून मी गुळाचा चहा पिऊन राहिले, अन् हा चोरून साखर खाऊन राहिला! हवालदार, घेऊन जा याला!"

"कायद्यात गुन्हा न्हाई, बाई."

"तुमच्या कायद्यात नसंल! माझ्या घरात हाय!"

वरवंटा अजून तिच्या हातातच होता. मोहनसिंगनं घाईघाईनं सायकलवर टांग टाकली. मागून दगडोबा जीव घेऊन पळत सुटला.

"साहेब, थांबा! मलाबी घेऊन चला!"