तुटल्या जागी बोट लावू नका

आमच्या डोंगरकडा गावात कुणाच्या घरी लग्न असलं तर मारोतराव सवडीनं जातात. पण कुणाच्या नांगराचा फाळ मोडला तर पायात चप्पल न घालता धावतात. पोचताच दोन्ही हात वर करून बजावतात, "तुटल्या जागी बोट लावू नका." मग खिशातून धुतलेलं फडकं काढून तो तुकडा असा गुंडाळतात, की बाळंतिणीनं बघून शिकावं.

मारोतराव माझे शेजारी. बारा शेळ्या, तीन एकर रान आणि एकुलती लेक मुक्ता. ती पुण्यात मटेरियल्स इंजिनिअरिंग शिकते. म्हणजे पोरगी पूल बांधणार का, असं कुणी विचारलं की मारोतराव छाती काढून सांगतात, "न्हाई. पूल काहून पडला ते सांगणार."

तुटलेली बाजू जपावी, ती कशानं तुटली ते तिथंच दिसतं, हे तिनंच सांगितलेलं. तेव्हापासून शेळ्यांच्या कोठ्यात विळे, बोल्ट, साखळ्या ओळीनं निजल्यात. माझ्या स्कूटरचा ॲक्सल मोडून मी रस्त्यात आडवा झालो, तेव्हा मारोतराव मला ओलांडून ॲक्सलपाशी गेले. "गुरुजी, हा थकून तुटला. लोखंडबी थकते." मला उठवायचं त्यांना नंतर सुचलं.

परवाच्या रविवारी मात्र ते नवाकोरा विळा दगडावर ठेवून हातोडीनं हाणत होते.

"चांगला विळा काहून मोडून राहिलात?"

ते ओशाळले. पंधरा दिवसांत गावात काहीच मोडलं नव्हतं, आणि संध्याकाळी मुक्ताचा फोन यायचा होता.

"जेवलात का, शेळ्या कशा हायेत, दोन मिन्टात संपते. तिला काय इचारावं मला समजत न्हाई. तुकड्याचा फोटो धाडला की अर्धा घंटा बोलते."

"पण हातोडीनं मोडलेलं तिला कळेल की."

"व्हय. मागल्या खेपेला बराबर वळखलं. हसली अन् फोन ठेवला."

मी घरी आलो. बायको देवळात गेली होती. तिचं जुनं उलथनं घेतलं आणि ओट्याच्या कडेला दाबून दांडा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. हाताला फोड आला. शेवटी उलथनं थकलं.

तुटल्या जागी बोट न लावता ते धुतल्या फडक्यात ठेवलं आणि कुंपणावरून हाक दिली, "मारोतराव, आमच्याकडं एक मोडलंय."

ते अनवाणीच आले.