अर्ध्या अक्षरांचा रुपया

कोणतीही वस्तू खरी की खोटी, हे त्या वस्तूला स्वतःला कळत नाही. त्यासाठी समिती लागते. पांढुर्णा-सौंसर संयुक्त चांदी-नाणे तुलना मंडळाचा जन्म याच सामाजिक गरजेतून झाला. (पांढुर्णा आणि सावरगाव वर्षातून एकदा, गोटमारीच्या जत्रेत, दगडांनी बोलतात. सौंसरशी आम्ही नाण्यांनी बोलतो. टाके पडत नाहीत.)

मंडळ चांदीच्या दोन नाण्यांवर, म्हणजे टोकनांवर, उभं आहे. एक अध्यक्ष गुणवंताजींचं, पांढुर्ण्याचं; दुसरं सचिव तुळशीरामजींचं, सौंसरचं. दोन्हींवर एकीकडे रामदरबार, दुसरीकडे कंपनी सरकार आणि सन १८१८. दोन्हींवर मारुतीच्या शेपटीजवळ तोच ओरखडा. दोनशे वर्षं वेगळ्या गावांत राहूनही ओरखडा जागचा हलला नाही, यावरून अस्सलपणा सिद्ध झाला. ठराव एकमतानं मंजूर.

मागच्या उन्हाळ्यात रामाकोन्याच्या इंदूबाई सासूच्या गळ्यातला रुपया घेऊन आल्या. हातानं ठोकलेला, वाकडा, निम्मी अक्षरं काठाबाहेर गेलेली.

"इकाचा नाही," त्या म्हणाल्या. "खरा हाये का, तेवढं सांगा. नातीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालाचा हाये."

गुणवंताजींनी तो दोन्ही टोकनांशेजारी ठेवला, भिंगातून पाहिला. कशाशीच जुळेना.

"बाई, सरकार अर्धी अक्षरं कायले छापन?"

"सासू म्हने, राजाच्या टाकसाळीतला हाये."

"सासू खरीच असन. नाणं खोटं हाये."

(मतदान: नकली अकरा, अस्सल शून्य, चहा बारा.)

इंदूबाईंनी चहा तसाच ठेवला. खोटी वस्तू नातीच्या गळ्यात कशी घालायची, म्हणून जाताजाताच रुपया सोनाराकडे आटवायला दिला. चांदी चोख निघाली. नातीला जोडवी झाली.

दिवाळीनंतर मंडळाची अभ्यास-सहल नागपूरच्या एका प्रदर्शनाला गेली. तिथं काचेखाली तसाच वाकडा रुपया होता, निम्मी अक्षरं बाहेर. खाली पाटी: 'भोसल्यांची टाकसाळ, एकोणिसाव्या शतकाचा आरंभ'. आमची टोकनं बाहेरच्या दुकानात होती. चांदीचा मुलामा दिलेली, डझनाच्या भावानं, ओरखड्यासकट.

दुसऱ्या दिवशी गुणवंताजी एकटेच रामाकोन्याला गेले आणि मोबाइलमधला फोटो इंदूबाईंपुढे धरला. त्यांनी काठावरच्या निम्म्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"असाच होता," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "आता याले खरं म्हन्याचं का? तुमचं काय ठरलं?"

मंडळ त्यावर बैठक घेणार आहे.

वाचकहो, इंदूबाईंची कीव करू नका. आपल्या आजीचं काय खरं होतं, हे तुम्हीही कधी शाळेत, कधी शहरात, कधी मोबाइलवर विचारून आला आहात. तिथल्या जाणत्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि तुमचं तर आटवूनही झालं आहे.