अण्णांचं ‘हळू’

रविवार, ८ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. जागा : आमच्या इमारतीचं पार्किंग. हजर : अध्यक्ष भोसलेकाका (निवृत्त तलाठी), पहिल्या मजल्यावरच्या शेखभाभी, तिसऱ्या मजल्यावरचे नागेशअण्णा व त्यांच्या पत्नी पद्मावहिनी, आणि सचिव या नात्याने मी. गैरहजर : बाकीचे सगळे. विषय एकच : अण्णांचा अल्बम ऐकणे व मत देणे.

खुर्च्या मीच मांडल्या. आमच्या इमारतीत खुर्च्या नेहमी मीच मांडते आणि मीच उचलते. आता त्याबद्दल बोलायचाही कंटाळा आला आहे.

अण्णा आले आणि आधी टेबलावर तळहात ठेवून उभे राहिले. ही त्यांची जुनी रीत. कुठल्याही वस्तूशी ते आधी हाताने बोलतात. फ्रीज, रिक्षाचा टप, पिठाची गिरणी, माझ्या भाच्याची नवी मोटारसायकल, काहीही असो. मागच्या उन्हाळ्यात पाण्याचा पंप बिघडला, तेव्हा दोन मेकॅनिक येऊन डोकं खाजवून गेले. अण्णा लुंगीवर खाली उतरले, पंपावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “बेअरिंग गेलंय. रडायलंय ते.” बेअरिंगच गेलं होतं.

नागेशअण्णा तीस वर्षं डीजे होते. वडील मागावर चादरी विणायचे, थोरला भाऊही तेच करायचा. अण्णांनी मात्र टेम्पोवर स्पीकरच्या पेट्या चढवल्या. त्यांचा टेम्पो सात रस्त्याच्या चौकात वळला, की दुकानांची शटरं आपोआप वाजायला लागायची. त्यांची चांगल्या-वाइटाची कसोटी एकच : “छातीला लागलं का?” ही कसोटी गाण्यापुरती नव्हती. चहा, भाषण, शेंगाचटणी, सगळ्याला तीच. एखादा चहा पचपचीत निघाला तर म्हणायचे, “नुसता कानाला लागला की ओ.”

त्यांच्या आवाजाविरुद्ध मी स्वतः अकरा तक्रारअर्ज लिहिले आहेत. प्रत्येक अर्जावर पोच म्हणून सही त्यांनीच केली. एकदा अर्ज वाचून म्हणाले, “म्याडम, ‘असह्य’ लिहिलाव. ‘लई असह्य’ लिहा. एक झेरॉक्स मला द्या, धंद्याला बरं पडतंय.” अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? बाराव्या अर्जाचा मसुदा मी केलाच नाही.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांनी पेट्या विकल्या, टेम्पो विकला, आणि घरातल्या मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या चादरी ठोकून आत बसायला लागले. आम्हाला वाटलं, माणूस थकला. एक दिवस जिन्यात अडवून म्हणाले, “म्याडम, आता बसून ऐकायचं म्युझिक करायलोय. अल्बम. नाव ‘हळू’.”

मी म्हणाले, “अण्णा, तुम्ही आणि हळू?”

“तीस वर्षं जोरात झालं की. आता उरलेलं हळू.”

अल्बममध्ये गाणं असं एकही नाही. सहा तुकडे आहेत, सगळे घरातल्या आवाजांचे. कुकर, कडक भाकरी मोडतानाचा आवाज, मागाचा धोटा, वळचणीच्या चिमण्या, झोपाळ्याची कडी आणि शेवटी बांगड्या. त्यांच्यामागे अगदी हलका ठेका. कल्पना ऐकून मला खरोखर बरं वाटलं. मग अण्णांनी तो अल्बम इंटरनेटवर टाकला आणि मतं यायला लागली.

मतं संमिश्र होती. मी ती वहीत उतरवून ठेवली आहेत. एका जुन्या चाहत्याने विचारलं, “अण्णा, पेट्यांबरोबर बेस पण विकला का?” माढ्याच्या एकाने, अण्णांचं आहे म्हणजे नाचायचंच असणार असं धरून, तो वरातीत लावला. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि घोडा नवरदेवासकट उसाच्या फडात शिरला. एकाने लिहिलं, “आधी डोळे भरून आले, नंतर कान.” सर्वांत प्रेमाचा निरोप मंगळवेढ्याहून एका बाईंचा होता : “दादा, लई उपकार झाले. ज्वारी हुरड्यात आलीय. बांधावर तुमचं लावून ठेवते, एक पाखरू बसत न्हाय.”

अण्णांनी तो निरोप मला तीनदा वाचायला लावला. “चांगलं म्हणायल्यात का वाईट, म्याडम?”

“चांगलंच म्हणतायत,” मी म्हणाले. घाईत होते.

म्हणून ही रविवारची बैठक. “ओळखीच्या माणसांनी समोर बसून खरं सांगावं,” असं अण्णांचं म्हणणं होतं. “तुमी सांगाल तसं सुधारतो. न्हायच जमलं तर काढून टाकतो.”

कुकर सुरू झाला. शिट्टी अशी वाजली की शेखभाभी उठून जिन्याकडे धावल्या. अर्ध्यावरून परत आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, “या अल्ला! मैं समझी मेराच कुकर है. गॅस बंद करने को भागी ना!” कडक भाकरी मोडली तेव्हा भोसलेकाकांनी गालावर हात दाबला. “अण्णा, ही भाकरी हाय का फरशी? माझी दाढ ठणकायली.” चिमण्या तर डोक्यात टोचत होत्या. बांगड्यांच्या वेळी मी स्वतः वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करून कान झाकला.

पद्मावहिनी कपाळ दाबून बसल्या होत्या. अण्णा मात्र टेबलावर हात ठेवून आमच्या तोंडाकडे एकेक करून बघत होते. आम्हाला ‘लागलं’ असं समजून ते खुशीत होते.

अण्णा आणि वहिनी वर गेल्यावर बाकी सगळ्यांचं मत एकच पडलं : कल्पना उत्तम, पण बारीक, टोकदार आवाज फार मोठे लागतात, ते कमी करावेत. भोसलेकाका म्हणाले, “सचिवबाई, तुमी सांगा त्यांना नीट. तुमची भाषा चांगली हाय.” शेखभाभी म्हणाल्या, “हां, आप बोलो. मेरे से नै होता, वो खीर भेजते हमारे को.” मी हो म्हणाले. नकोशी कामं माझ्याकडे अशीच येतात.

सोमवारी संध्याकाळी मी वर गेले. पद्मावहिनींनी दार उघडलं. मागच्या खोलीत अण्णा पाठमोरे बसले होते. वहिनींनी हाक मारली, “एमंडी.” त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, ‘अहो’ला हा शब्द. अण्णा हलले नाहीत. पुन्हा, “एमंडी.” काही नाही. मग वहिनी आत गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते वळले.

“हाक मारून उपयोग नाही, तरी सवयीनं मारते मी,” वहिनी मला सांगायला लागल्या. “बायकांचा आवाज आधी जातो म्हणाले डॉक्टर. बारीक आवाज सगळे. माझं बोलणं, फोनची रिंग, चिमण्या. गडगडाट तेवढा कळतो.”

अण्णांनी आमच्या ओठांवरून ओळखलं असावं. हसून म्हणाले, “सांग की, त्यात लपवायचं काय? तीस वर्षं लोकांचे कान फोडले. माझे काय वेगळे हायत?”

मी व्यवहारी बाई आहे. पहिला प्रश्न तोच विचारला. “कानाला मशीन लावून बघितलं?”

“बघितलं. समदं पत्र्याच्या कर्ण्यातून आल्यावानी येतंय. कामापुरतं ठीक. म्युझिकला न्हाय.”

मग मी मोठ्याने, तोंड समोर ठेवून, बैठकीचं मत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मिक्सरवरचं सरकतं बटण धरलं आणि बांगड्यांचा तुकडा लावला. “बरं वाटलं की थांबा म्हणा,” म्हणाले, आणि बटण खाली आणत गेले.

आवाज उतरत गेला आणि एका जागी सुरेख झाला. शेजारच्या खोलीत कुणी बाई पीठ मळते आहे, एवढाच. पद्मावहिनींचं कपाळ सैल झालं. त्यांनी डोळे मिटले. मी “थांबा” म्हणाले.

अण्णा थांबले. थोडा वेळ वाट बघून म्हणाले, “लावू का आता?”

“चालू आहे, अण्णा.”

त्यांनी समोरच्या छोट्या स्पीकरवर हात ठेवला. बांगड्यांना हाताला लागण्याएवढा जोर कुठला? त्यांनी हात काढून घेतला.

मी लगेच तोडगा काढला. दोन प्रती करू. एक लोकांसाठी, एक तुमच्यासाठी, मोठ्या आवाजाची, हेडफोनवर.

“दोन कशाला?” अण्णा म्हणाले. “लोकांचं सोडा ओ. त्यांनी पाखरं उडवली तरी चालतंय. मी तीस वर्षं रोज दुसऱ्याच्या दारात वाजवलं. ही हितं ताट झाकून बसलेली. आमी दोघांनी एका जागी बसून कधी काय ऐकलंच न्हाय. एकदा बसून ऐकावं म्हणून तर केलं हे. तिचं एक अन् माझं एक असं झालं, तर काय उपयोग?”

वहिनी तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मला एवढंच कळलं, की त्यांनी बटण पुन्हा वर सरकवलं. बांगड्या कडाडल्या. त्या डोळे बारीक करून नवऱ्याशेजारी बसल्या आणि हसत राहिल्या. अण्णांच्या लक्षात आलं. त्यांनी बटण खाली घेतलं. वहिनींनी वर घेतलं. असं दोन-तीनदा झालं.

शेवटी अण्णांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा तोडून माझ्या हातात दिला. “हिच्यावर माझा भरवसा न्हाय, ही माझ्यासाठी खोटं बोलते. माझ्या कानावर तर न्हायच. तुमी निवांत येऊन बसा, म्याडम. हिचं डोकं दुखणार न्हाय अन् मला पण थोडं ऐकू येईल, अशी जागा बघा. तितं पट्टी लावा.”

मी त्या दिवशी जाता जाता बटणाकडे नीट बघून आले आहे. वहिनींचं कपाळ सैल होतं ती जागा मला माहीत आहे. अण्णांना ऐकू यायचं बंद होतं ती जागाही माहीत आहे. अण्णांची जागा वहिनींच्या जागेच्या चार बोटं वर आहे. दोघांची मिळून एक जागा त्या बटणाला नाही.

अण्णा जिन्यात भेटले की विचारतात, “कधी येताव?” मी म्हणते, मार्चअखेर आहे, ऑफिसात गडबड आहे. पाच मिनिटांचं काम आहे. पट्टी अजून माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली आहे.